ओसाकाचे गुडघे

कोरियातल्या बुसान शहराच्या योंगदो बेटावर, सुक्या मासळीच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर मा गुरुजींचा तलवारीचा आखाडा होता. गुरुजींना आता पोरांचा दंगा झेपेना. लहान मुलांचा वर्ग त्यांना सोंगहेच्या हाती सोपवायचा होता, आणि तिलाही दुसरं काही नको होतं. ही कोरियन बाई जन्मली-वाढली जपानात, ओसाकात, चाळिशीत नवऱ्यामागून इथे आली. तीन वर्षं झाली, पण हातात तलवार असली तरच तिला इथे परकं वाटायचं नाही.

घोडं अडलं होतं प्योपाशी. प्यो मासळीबाजारात लिलाव पुकारायचा. आखाड्यातला सगळ्यांत जुना शिष्य, आणि त्याची मुलगी त्याच वर्गात. जपानी वळणाची बाई आमच्या पोरांना नको, असं त्याने तोंडावर सांगितलं होतं. ओसाकात हिला शाळेतली पोरं कोरियन म्हणून चिडवायची, आणि इथे ही जपानी! माणसाने जावं तरी कुठे? शेवटी गुरुजींनी तोड काढली. शनिवारी सकाळी सगळ्यांदेखत दोघांनी खेळावं, मग काय ते प्योने ठरवावं.

खरं सांगायचं तर दोन्हीकडची विद्या म्हणजे सख्ख्या बहिणी. तीच बांबूची तलवार, तेच चिलखत. तिकडे केंदो म्हणतात, इकडे कुमदो. तिकडे पंचाच्या हातात लाल निशाण, इकडे निळं. सोंगहेच्या ओसाकातले लोक थांबून, जोखून एकच घाव घालायचे. प्योसारखे इथले अंगावर चालून येतात, दम खाऊ देत नाहीत. आणि तिकडे लढतीआधी तलवार उपसून उकिडवं बसायची रीत आहे, इकडे कुणी बसत नाही. सगळं उभ्यानेच. एवढंसंच, पण माणसं भांडतात ती असल्या एवढ्याशावरूनच. सोंगहेने महिनाभर आरशासमोर नुसतं उभं राहणं घोटलं होतं.

शनिवारी नमस्कार झाला, तीन पावलं पुढे झाली, तलवार निघाली आणि सोंगहे खाली बसली. झालं! तीस वर्षांची सवय, गुडघे तिला विचारायला थांबलेच नाहीत. प्यो समोर ताठ उभा आणि ही त्याच्या पायाशी. तिची कानशिलं तापली. वर्ग गेला, असंच तिला वाटलं.

पण ती धडपडत उठली नाही. बसलोच आहोत तर नीट उठू, म्हणून सावकाश उठली. प्यो तोवर थांबला, आणि मग मात्र तुटून पडला. पहिला घाव त्याचा, थेट डोक्यावर. दुसऱ्यांदा तो धावून आला तेव्हा ती जागची हलली नाही; त्याचे हात वर गेले तशी तिने मनगट टिपलं. बरोबरीत वेळ संपली.

मुखवटे उतरल्यावर प्योने घाम पुसत विचारलं, "बसलात का, बाई?"

"वडिलांनी शिकवलं तसं झालं," ती म्हणाली. "तिथल्या आखाड्यात ते एकटेच कोरियन. कुणी बोट ठेवू नये म्हणून सगळ्यांपेक्षा नीट बसायचे. मुलांना मी उभंच शिकवीन. माझं मात्र मोडेल असं वाटत नाही."

"नाव काय त्यांचं?"

"आखाड्यात यामानाका, हे जपानी नाव लावायचे."

"ते नको. घरचं सांगा."

"क्वोन म्योंगबे."

प्योने मुलांना ओळीत उभं केलं, स्वतःच्या मुलीला सगळ्यांत पुढे, आणि लिलावाच्या खणखणीत आवाजात सांगितलं, "या क्वोन बाई. क्वोन म्योंगबे यांच्या हाताखाली शिकल्या. सोमवारपासून तुम्हाला शिकवतील. नमस्कार करा."

मुलं उभ्यानेच वाकली. बापाचं खरं नाव आखाड्यात मोठ्याने घेतलेलं सोंगहे जन्मात पहिल्यांदा ऐकत होती. नमस्काराला ती वाकली खरी, पण डोळे पुसून होईपर्यंत तिला मान वर करता येईना.