तळाचा आवाज

भट्टीवाल्या बाईंचं उजवं मनगट गेलं आणि त्यांना वाडगे तासायला माणूस हवं आहे, ही बातमी सोमवारी संध्याकाळी सासूबाईंनी आणली. सासूबाई रोज फिरायला म्हणून बाहेर पडतात आणि बातम्या घेऊन घरी येतात. त्यांचे पाय दुखतात ते बातम्यांच्या ओझ्यानं, असं आमच्या ह्यांचं म्हणणं.

"चाकावर भांडं त्या स्वतःच उठवतायत अजून," सासूबाई चपला काढता काढता म्हणाल्या. "पण हत्यार धरून बूड कोरायचं म्हटलं की हात ठणकतो. शनिवारी सकाळी नऊला बोलावलंय. सहा वाडगे देतील. सहाही धड निघाले तर काम तुझं."

"तुम्ही माझं नाव सांगूनही आलात?"

"मग काय त्या चष्मेवालीचं सांगू?"

चष्मेवाली म्हणजे माझी गुरू. तिचं खरं नाव मला माहीत नाही. ती फोनच्या व्हिडिओत दिसते, चाकासमोर बसते, चष्म्यावर मातीचे शिंतोडे उडालेले असतात आणि ते ती कधीच पुसत नाही. आठ महिने मी तिच्याकडून शिकत होते. मागच्या खोलीत, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी, एका शाळेनं काढून टाकलेलं जुनं विजेचं चाक आम्ही आणून ठेवलं होतं. त्यावर गोळा मधोमध बसवणं, अंगठ्यानं उघडणं, भिंत वर ओढणं, सगळं मला जमलं होतं. आठ महिन्यांत जमलं नव्हतं ते एवढंच, की माझं एकही भांडं आगीतून गेलं नव्हतं. घरात भट्टी नाही. केलेलं वाळायचं, चार दिवस खिडकीत मिरवायचं आणि पुन्हा पाण्याच्या बादलीत जाऊन चिखल व्हायचं. बाईंकडे काम मिळालं असतं तर भट्टीही मिळाली असती. म्हणून मला ते हवं होतं, आणि ते आपल्याला मिळेल याबद्दल माझ्या मनात फारशी शंका नव्हती.

शंका होती ती फक्त तासण्याची.

हे सांगायचं तर माझ्या नेमाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. नेम साधेच आहेत. उठल्यावर दिवा, एक माळ जप आणि सकाळी दहा वाजेपर्यंत मौन. चौदा वर्षं झाली, त्यात खंड नाही. मौन म्हणजे नुसतं तोंड मिटणं नव्हे, कानालाही थोडा विसावा, असं मी माझ्यापुरतं धरलं आहे. घरातल्यांचं बोलणं कानावर पडतं, त्याला इलाज नाही. पण फोनचा आवाज त्या वेळात मी बंद ठेवते. आणि चाकावर बसायला मला मिळतो तो सकाळचाच वेळ. दुपारी बाजार, बँक, दवाखाना, कुणाचं ना कुणाचं काही असतं. त्यामुळे चष्मेवालीचे सगळे धडे मी आवाज बंद करून पाहिले. तिचे ओठ हलायचे, मी हातांकडे बघायची. हाताचं काम डोळ्यांनीच शिकायचं असतं, असं मी एकदोघींना मोठ्या तोऱ्यात सांगूनही झालं होतं.

वाडगा ओला असताना त्याचं बूड जाड ठेवावं लागतं, नाहीतर तो खचतो. एक दिवस गेला, माती चामड्यासारखी घट्ट झाली, की तो उपडा करून पुन्हा चाकावर बसवायचा, बाजूंनी मातीच्या गुठळ्या दाबून घट्ट धरायचा आणि तारेच्या फाशाच्या हत्यारानं जास्तीची माती सोलून काढायची. त्यातच भांडं ज्यावर टेकतं ती खालची कडी, म्हणजे बैठक, कोरायची. चष्मेवाली हत्यार लावण्याआधी तळावर बोटानं दोनदा टकटक करायची. थोडं सोलून झालं की थांबून पुन्हा. मान किंचित कललेली, डोळे अर्धवट मिटलेले. मला ते फार भावलं होतं. वाटायचं, ही बाई भांड्याला नमस्कार करते. मीही तसंच करू लागले. दोनदा बोट टेकवायचं, मनात देवाचं नाव घ्यायचं आणि सोलायला लागायचं.

तरी दर तीन-चार वाडग्यांमागे एकाच्या तळाला भोक पडायचंच.

"चाळणी छान झालीये," हे म्हणायचे. "अजून दोन कर, पाहुणे आले तर पुरायला हव्यात."

मी माती मऊ होती म्हणायची, हत्यार बोथट होतं म्हणायची. मंगळवारी सहा वाडगे तासले, त्यातले दोन फुटले. हत्याराला नवी धार लावली होती आणि मातीही नीट सुकली होती, त्यामुळे सबबी संपल्या होत्या.

बुधवारी सकाळी सासूबाई चहाचा कप घेऊन मागच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. मी वाडगा बसवला, टकटक केली, चाक सुरू केलं. मातीची लांब सालं निघू लागली. थांबून पुन्हा टकटक केली, पुन्हा हत्यार लावलं. तिसऱ्या फेरीला तळ आत गेला.

"अगं, वाजवलंस आणि ऐकलंच नाहीस," सासूबाई म्हणाल्या.

मी मान वर करून पाहिलं.

"मगाशी मठ्ठ वाजत होतं. मग पोकळ वाजलं. ती सांगते ना, मठ्ठ वाजलं तर सोल, पोकळ वाजलं की हात काढ."

शेजारी लाटलेल्या ओल्या मातीचा एक चौकोन पडला होता. मी सुई घेऊन त्यावर लिहिलं, कोण सांगते?

सासूबाईंनी वाकून वाचलं. "तुझी चष्मेवाली, दुसरं कोण. दुपारी तू बाहेर असतेस तेव्हा मी माझ्या फोनवर बघते की तिला. झोप लागत नाही मला. छान बोलते हो. मधूनमधून नवऱ्याच्या कागाळ्याही करते."

मी लिहिलं, आधी का नाही सांगितलंत?

"मला वाटलं तुला ठाऊक आहे. रोज वाजवत होतीस ना." मग त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "मग तू वाजवत कशाला होतीस?"

लिहायला मला वेळ लागला. शेवटी लिहिलं, नमस्कार.

सासूबाईंनी कप यंत्रावर ठेवला, दाराच्या चौकटीला धरलं आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मौनात हसायला बंदी नाही, पण मला काही हसू आलं नाही. आठ महिने मी माणसाच्या हातांकडे पाहिलं आणि तो हात कान लावून बसला आहे, हे मला दिसलं नव्हतं. बोटानं केलेला प्रश्न मी केवळ आदर समजून पुढे गेले होते.

डोळे पुसून त्या म्हणाल्या, "नमस्कारानं काही बिघडत नाही हो. फक्त देव काय म्हणतो तेही ऐकत जा."

मग मी ऐकायला बसले. फोन बाजूला ठेवला, आता त्याची गरज नव्हती. जाड तळ वाजतो भरल्या पोत्यासारखा, बोट टेकवलं की आवाज तिथंच बुडतो. सोलत गेलं की तो हळूहळू वर येऊ लागतो. मग एक क्षण असा येतो, की तळ रिकाम्या डब्याच्या झाकणासारखा उत्तर देतो. तिथं हात काढायचा. आणखी एक साल काढू, असं वाटतंच, ते वाटणं ओळखायचं. चौदा वर्षं सकाळी गप्प राहिल्याचा एक फायदा असा, की बारीक आवाज मला शोधावे लागत नाहीत. त्या दिवशी उरलेले तीनही वाडगे नीट निघाले. गुरुवारचे पाच निघाले, शुक्रवारचे सात. शुक्रवारी ह्यांनी चाळणी शोधली आणि मिळाली नाही म्हणून तक्रार केली.

शनिवारी सासूबाई माझ्या आधी तयार होऊन बसल्या. "तू दहापर्यंत बोलणार नाहीस. कुणीतरी बोलायला नको का तुझ्या बाजूनं?"

मी हात जोडले. ते नको या अर्थानं होते, पण त्यांनी आभार समजून घेतले.

बाईंचा कारखाना म्हणजे रस्त्याच्या पातळीखाली दोन पायऱ्या उतरून एक लांब खोली. भिंतीभर फळ्या, फळ्यांवर पांढरट कोरडी भांडी, कोपऱ्यात विटांची भट्टी, दाराशी बिघडलेल्या भांड्यांच्या भिजवणीची मोठी बादली. छताचा पंखा खडखडत होता. बाई उंच होत्या, आवाज मोठा, उजव्या मनगटाला पट्टा.

"कुठं शिकलीस?" त्यांनी विचारलं.

"ती दहा वाजेपर्यंत बोलत नाही," सासूबाई म्हणाल्या. "नेम आहे तिचा. फोनवर शिकली."

"फोनवर," बाई म्हणाल्या. "फोनवर पोहायलाही शिकवतात म्हणे. दहानंतर यायचं होतं मग."

"तुम्हीच नऊ म्हणालात."

"माती नऊलाच तयार होते, आजी. ती माझ्यासाठीही थांबत नाही." त्यांनी प्लास्टिक काढलं. फळीवर सहा वाडगे, एकसारखे, काठ सुरेख. "हे माझ्या हातचे. ह्या मनगटानं पुन्हा सहा करायचे म्हणजे माझा अर्धा दिवस जाईल. तेव्हा जपून."

मी स्टुलावर बसले. पहिला वाडगा उचलून वजन घेतलं, उपडा केला, मधोमध आणला, गुठळ्या दाबल्या. बोट टेकवलं. पंख्याच्या खडखडाटात काहीच कळेना. मी उठले आणि पंखा बंद केला.

"अगं, उकडतंय इथं," बाई म्हणाल्या.

"जरा उकडू दे हो," सासूबाई म्हणाल्या. "तिला ऐकायचंय."

बाई पंख्याच्या बटणाकडे निघाल्या होत्या, पण माझ्या बोटाकडे पाहून त्या माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या.

पहिला वाडगा निघाला. दुसरा, तिसरा. हात गरम झाला होता, सालं अखंड निघत होती आणि प्रत्येक वेळी तळ बोलला तिथं मी थांबले. चौथ्याची बैठक थोडी रुंद झाली, ती पुन्हा बारीक केली. पाचवा सगळ्यात छान झाला. बाई मागं उभ्या होत्या, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

सहावा उचलला तेव्हा वजन इतरांएवढंच होतं. उपडा करून बसवला. बोट टेकवलं आणि तळ पहिल्याच टकटकीला रिकाम्या डब्यासारखा वाजला. बाजूला सरकून पुन्हा वाजवला. तेच. मी गुठळ्या सोडवल्या, वाडगा उचलला आणि न तासता फळीवर ठेवला.

"हा का ठेवलास?" बाई म्हणाल्या.

मी मान हलवली.

"मान काय हलवतेस? त्याला बैठक नको? तसाच कसा जाईल भट्टीत?"

मी पुन्हा मान हलवली. सासूबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहाला वीस मिनिटं होती. मी काय ऐकलं ते त्यांनाही माहीत नव्हतं.

"घाबरली," बाई त्यांना म्हणाल्या. "पाच झाले, सहाव्याला घाबरली. सहा म्हणजे सहा, आजी. माझ्याकडे आठवड्याला चाळीस असतात."

एक शब्द पुरला असता. तो तोंडात आला होता हे मी कबूल करते. पण नेम देवाशी आहे आणि माझं म्हणणं तर त्या वाडग्यातच होतं. मी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली माती कापायची तार काढली आणि दोन्ही हातांनी बाईंपुढे धरली.

त्यांनी तार घेतली. वाडगा फळीवर उपडा ठेवून त्यांनी तो वरून खाली मधोमध कापला आणि दोन भाग वेगळे केले. भिंती जाड होत्या, सगळं वजन तिथंच होतं. तळ मात्र वाळक्या पानाएवढा उरला होता. हत्यार टेकवलं असतं तर पहिल्या फेरीतच आत गेलं असतं.

बाईंनी त्या कापाकडे पाहिलं. मग स्वतःच्या मनगटाकडे. "उघडतानाच खाली गेला माझा अंगठा," त्या हळू म्हणाल्या. "मला कळलंही नाही."

मग काही न सांगता त्यांनी मी तासलेला पाचवा, तो सगळ्यात छान झालेला वाडगा ओढला आणि तोही कापला. कापात भिंत आणि तळ एकाच जाडीनं वळले होते. बाईंनी तळ चिमटीत धरून पाहिला, आणि दोन्ही वाडग्यांचा एकेक अर्धा भाग शेजारी शेजारी ठेवला, माझा आणि त्यांचा.

"आजी," त्या म्हणाल्या, "हिला विचारा, सोमवारपासून येईल का."

"येईल," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी मला विचारलं नाही.

मी मात्र मान डोलावली, म्हणजे पुढे कुणाला शंका नको.

बाई मागच्या बाजूला गेल्या आणि डाव्या हातानं एक दुसरी फळी ओढत घेऊन आल्या. तिच्यावर बारा वाडगे होते. "हे परवाचे. दुपारी तासायला काढणार होते. आधी ह्यातले पातळ कुठले ते बघ."

मी एकेक उपडा केला, बोट टेकवलं, ऐकलं. नऊ जागेवर ठेवले, तीन बाजूला काढले. मी हात पुसेपर्यंत बाईंनी ते तिन्ही उचलले. तार खिळ्याला परत लागली होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. दाराशी गेल्या आणि तिन्ही वाडगे, एकामागोमाग एक, भिजवणीच्या बादलीत सोडले.