डावी बाजू वेगळी

मापाचा ब्लाउज पुढे केला की शिवणारीने पुढचं विचारू नये, अशी आपल्याकडे रीत आहे. रझियाने तो घडी घालून ठमाबाईंच्या हातात परत दिला.

"काकी, हा नको. मला भाविका पायजे."

रझियाने दुबईत सहा वर्षं नवऱ्यामुलींचे उंची कपडे हाताने शिवले होते. आता राजिवड्यातल्या घरी तेच करायची आणि घाई करणाऱ्याला गोड बोलून दाराचा रस्ता दाखवायची. ठमाबाई बंदरावर मासे विकायच्या. बोलण्यात कुणाला हार जाणाऱ्या नव्हेत. पण लेकीचं, भाविकाचं, लग्न आठ दिवसांवर आलेलं, आणि पैठणीचा ब्लाउजपीस एकच. मुकाट्याने त्यांनी तिला आणलं.

भाविकाचा डावा खांदा लहानपणी होडीत पडून मोडला होता, तो बोटभर खालीच बसला. आजवरच्या प्रत्येक ब्लाउजला तिथे चुणी पडायची आणि लोकांची नजर नेमकी तिथेच जायची. लग्नातही तेच होणार, या धास्तीने पोरगी सुकून गेली होती.

रझियाने आधी साध्या मांजरपाटाचा नमुन्याचा ब्लाउज कच्च्या टाक्यांनी जोडून तिच्या अंगावर चढवला. टाचण्या लावल्या, उसवला, पुन्हा जोडला. मग कागदावर डावी बाजू वेगळी आखली, उजवी वेगळी. ते बघून ठमाबाई पुढे सरसावल्या.

"दोन बाजू दोन तऱ्हेच्या? कापड फुकट जाईल गो."

"अंग हाय तसं कापड कापायचं, काकी. कापडासाठी अंग वाकवायचं नाय," रझिया म्हणाली आणि पैठणीच्या ब्लाउजपीसला कात्री लावली.

पाचव्या दिवशी भाविका आरशासमोर उभी राहिली. खांदा खालीच होता, पण त्यावर एक चुणी नव्हती. ती पाठमोरी झाली, पुन्हा वळली. किती सुंदर दिसत होती ती, आणि हे तिलाही कळत होतं.

"आये, मग इतकी वर्षं तू मला झाकून घे, झाकून घे का म्हणायचीस?"

ठमाबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "मला बघवत नव्हतं. त्या दिवशी होडीत तुझा हात माझ्याच हातातून सुटला होता गो."

भाविकाने आईला मिठी मारली. नवा ब्लाउज चुरगळत होता. एरवी रझियाने दोघींना दटावलं असतं. आज ती उठली आणि चहा ठेवायला आत गेली.