खडकीच्या डोहावरची काठी

मित्रांनो, मी बांबूची गळाची काठी आहे. उषाबाईंच्या लग्नाला जितकी वर्षे झाली, तितकेच माझे वय. चाळीस तरी झालीच.

मला बद्रीनाथांनी घडवले. बद्रीनाथ हे उषाबाईंचे वडील. गोदावरीच्या काठी त्यांचे शेत होते आणि शेताच्या कडेला बांबूचे एक बेट होते. ऐन थंडीत त्यांनी मला तोडले, महिनाभर सावलीत वाळवले, मग गोवऱ्यांच्या आचेवर धरून माझे एकेक पेर सरळ केले. वरून करडईचे तेल पाजले. शेंड्याला तंगूस, म्हणजे नायलॉनचा चिवट दोरा, बांधला, तंगुसाला शिशाचा मणी आणि गळ. मासा लागला की कळावे म्हणून ज्वारीच्या धाटातले पांढरे भेंड तंगुसात ओवले. भेंड पाण्यावर तरंगते. ते बुडाले की समजायचे, खाली कोणीतरी आले आहे.

उषाबाई लहानपणापासून वडिलांबरोबर गळ टाकत. लग्नात भांड्याकुंड्यांबरोबर बद्रीनाथांनी मलाही गाडीवर चढवले. वऱ्हाडातले एक वडीलधारे म्हणाले, "अहो, पोरीसंगं गळाची काठी धाडून राह्यले तुम्ही? लोक काय म्हनतील?"

"तिकडंबी हीच नदी हाय," बद्रीनाथ म्हणाले. "पोरीला करमायला पायजे."

सासर घनसावंगी तालुक्यातल्या एका नदीकाठच्या गावात होते. पहिले सहा महिने मी आढ्याला अडकून धूर खात पडले. मग एकदा नवऱ्याने, रखमाजींनी, मला खाली काढले आणि ते हसत हसत म्हणाले, "चल, बघू तरी काय धरती तू." उषाबाईंनी त्यांच्यासमोर हातभर लांबीची वांब काढली. नागमोडी वळवळणारा तो मासा त्यांनी असा सफाईने सोडवला, की रखमाजी हसायचे विसरले. घरी परतताना ते एवढेच बोलले, "जात जाय तू. पर दिस मावळायच्या आत ये."

तेव्हापासून आठवड्यातली एक दुपार उषाबाईंची झाली. कापूस वेचायचा असो की उसाला पाणी द्यायचे असो, ती दुपार त्या कोणाला देत नसत. मला खांद्यावर टाकायचे, पदरात कणकेची गोळी बांधायची आणि गावाजवळच्या खडकीच्या डोहावर जाऊन बसायचे. घरात सासू होती, दीर होते, पुढे कल्याण झाला, त्याच्यामागे दोन मुली झाल्या. डोहावर मात्र उषाबाईंना कोणी हाक मारत नसे. मी त्यांच्या हातात असे आणि त्यांच्या बोटांतला थकवा हळूहळू उतरताना मला कळे.

त्या काळची नदी तुम्हाला कशी सांगू? पाण्यात पाय सोडला की बारीक खवल्या मासे पायाला लुचायला येत. शिंगटी खडकाखाली बसून असत. आणि मरळ! मरळ ही डोहाची राणी होती. पावसाळ्यात तिची पिल्ले निघत, तेव्हा पाण्यावर तांबडा गोळा फिरताना दिसे, जणू कुणी मूठभर शेंदूर सांडला आहे. आई त्याच्याखालीच राखण करत फिरायची. तांबडा गोळा दिसला की उषाबाई मला पाण्यातून उचलून घेत. पिल्लांची मरळ धरायची नाही, हे त्यांना वडिलांनी शिकवले होते. एखाद्याने विचारलेच तर त्या म्हणत, "तिचं लेकरं वाढवायचं चालू हाय. आपलं काय अडलंय?"

मार्तंडराव आमच्या डोहावर आले ते साधारण मधल्या काळात. ते जालन्याला एका सरकारी कचेरीत होते. रविवारी गाडी घेऊन यायचे, दुकानातली चकचकीत, दोरा गुंडाळायच्या भिंगरीची काठी घेऊन. घर त्यांचे वरणभाताचे. त्यांच्या पत्नी अरुंधतीबाई मासा उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत. म्हणून मार्तंडराव मासा धरत, त्याच्याकडे बघत आणि सोडून देत.

उषाबाईंनी एकदा विचारले, "भाऊ, खायचं न्हाई, मंग धरायचा कशाला?"

"उषाताई, सहा दिवस मी फायलींत बुडालेला असतो," ते म्हणाले. "इथं ते भेंड बुडायची वाट बघतो ना, तेवढा वेळ डोकं मोकळं होतं."

उषाबाईंना हे पुरेपूर पटले. त्यानंतर दोघांत चुरस लागू लागली. मार्तंडरावांची काठी लांब फेकायची, पण मासा जास्त मला लागायचा. ते मला हातात घेऊन तोलत आणि म्हणत, "कारखान्यात अशी बनत नाही." मित्रांनो, खोटे कशाला बोलू, मला त्याचा गर्व झाला होता.

मग नदी बदलत गेली. आधी वाळूचे ट्रॅक्टर उतरले, त्यांच्यामागून मोठी यंत्रे आली. मासे ज्या उथळ वाळूत अंडी घालायचे, ती वाळूच गाड्यांत बसून निघून गेली. पात्रात खड्डे राहिले, आणि उन्हाळ्यात त्यांत हिरवे पाणी कुजत राहिले. वरच्या अंगाने कधीतरी काळसर, उग्र वासाचे पाणी येई. त्या दिवशी काठावर मेलेले मासे लागत आणि कुत्री ओढत नेत. कोणी मच्छरदाणीएवढ्या बारीक भोकांची जाळी लावू लागले. त्यांत बोटाएवढे पिल्लूसुद्धा सुटत नसे. आधी वांब दिसेनाशी झाली. मग शिंगटी. मरळ दोन-तीन वर्षांतून एकदा.

तरी त्या दोघांनी येणे सोडले नाही. पूर्वी एका दुपारी दहा-बारा वेळा भेंड बुडायचे; आता ते संध्याकाळपर्यंत तसेच तरंगत राही. मार्तंडरावांबरोबर जालन्याहून आणखी दोघे यायचे, त्यांनी नाद सोडला. मार्तंडराव एकटेच येऊ लागले. एका रविवारी ते माझ्याकडे बघत म्हणाले, "ताई, पूर्वी घरी गेलो की झोप लागायची. आता इथून जातो तेव्हा कुणाच्या तरी मयताला जाऊन आल्यासारखं वाटतं."

उषाबाईंनी नवीन गोळी लावली आणि मला पुन्हा पाण्यावर धरले.

आता कल्याणबद्दल सांगायला हवे. उषाबाईंचा हा मुलगा तिशीत आला होता. कामाला वाघ, पण उतावळा. मित्रमंडळींत पार्टी ठरली की मासे कल्याणने आणायचे. दुसऱ्या गावच्या कोणीतरी त्याला विजेचा उपाय दाखवला होता. नदीकाठी शेतीपंपांच्या तारा होत्याच. तारेवर आकडा टाकायचा आणि दुसरे टोक पाण्यात सोडायचे. मोठा मासा, पिल्लू, बेडूक, जे काही आसपास असेल ते पांढरे पोट वर करून तरंगू लागे.

उषाबाईंना हे कळले तेव्हा त्यांनी त्याला अंगणात अडवले. "कल्याण, डोहात करंट सोडतो म्हनं तू?"

"माय, तू दिवसभर बसून येती आन् रिकाम्या हातानं येती. आमी दहा मिन्टात टोपलं भरतो."

"म्हनून तर मी रिकाम्या हातानं येऊन राह्यले."

"मी न्हाई सोडला तर दुसरा सोडंल," कल्याण म्हणाला आणि गाडीला किक मारून निघून गेला. उषाबाईंनी रखमाजींकडे पाहिले. रखमाजी खाली मान घालून दोरखंड वळत राहिले. मी कुडाला टेकून उभी होते. मला बोलता आले असते तर मी काय बोलले असते, हे मला आजही कळत नाही.

तो रविवार होता. शेताची लाइट त्या आठवड्यात दुपारी बाराला यायची. उषाबाई आणि मार्तंडराव डोहाकडे चालले होते. मी खांद्यावर होते, अजून पाण्याला लागले नव्हते. डोहाच्या वरच्या अंगाने आरडाओरडा ऐकू आला. तिथे कल्याण आणि त्याचे दोन मित्र होते. तरंगणारे मासे गोळा करायच्या घाईत कल्याणचा पाय शेवाळावरून सरकला होता. तो काठालगत गुडघाभर पाण्यात पडला होता आणि तार त्याच्या उजव्या हाताला चिकटली होती. त्याचे अंग ताठ झाले होते. डोळे उघडे होते. तोंडातून आवाज येत नव्हता. मित्र लांब उभे राहून नुसते ओरडत होते.

मार्तंडराव धावायला निघाले. उषाबाई किंचाळल्या, "भाऊ, पान्यात पाय घालू नगा!"

त्या कोरड्या खडकावर चढल्या. मला दोन्ही हातांनी धरले आणि माझा शेंडा तारेखाली घातला. चाळीस वर्षे मला हलकेच, दोन बोटांनी उचलणाऱ्या बाईने त्या दिवशी मला पहारीसारखे रेटले. पहिल्यांदा तार हलली नाही. दुसऱ्यांदा माझा शेंडा कडकन मोडला. तिसऱ्यांदा तार सुटली, खडकावर आपटली आणि ठिणग्या उडाल्या. एका मित्राला तेव्हा कुठे भान आले आणि त्याने आकडा खाली ओढला.

मार्तंडरावांनी कल्याणला बाहेर काढले, त्याची छाती दाबली, तोंडाने श्वास दिला. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी कल्याण खोकला. मार्तंडरावांच्या गाडीत घालून त्याला आधी घनसावंगीला आणि तिथून जालन्याला नेले. मी काठावरच पडून राहिले. माझ्या बाजूने पाणी वाहत होते आणि पाण्यावर मासे तरंगत होते. त्यांत एक मरळ होती, वीतभराची, कोवळी. कित्येक वर्षांनी मी मरळ पाहिली, ती अशी.

कल्याण वाचला. पण त्याची उजव्या हाताची तीन बोटे कापावी लागली आणि उरलेली दोन वाकडी झाली. नांगराची मूठ, दुधाची कासंडी, आपल्या लेकराचा हात, काहीही त्या हातात नीट बसेना.

दवाखान्यातून घरी आणल्यावर गावातले लोक बघायला आले. रखमाजी प्रत्येकाला सांगत, "मोटारीच्या स्टार्टरचा झटका बसला." मित्रांनीही तेच सांगितले. उषाबाई दोन दिवस ऐकत राहिल्या. तिसऱ्या दिवशी गावसभा होती. उषाबाई पारावर बायकांच्या घोळक्यात बसल्या होत्या, तिथून उभ्या राहिल्या. मार्तंडरावांनी काठावरून उचलून आणलेली मी त्यांच्या हातात होते, मोडक्या शेंड्यासकट.

"स्टार्टर-बिर्टर काई न्हाई," त्या म्हणाल्या. "माझ्या लेकानं डोहात करंट सोडल्ता. त्याचाच त्याला बसला. ह्यो बांबू हातात नसता तर आज त्याचा दहावा असता. तुमच्यातबी कोन कोन सोडतंय, मला बराबर ठाऊक हाय. मी नावं घेनार न्हाई. आपापल्या माईला जाऊन सांगा."

सभेतून रखमाजी उठून निघून गेले. त्या रात्री घरात चूल पेटली नाही, आणि कल्याण आईशी चार महिने बोलला नाही.

पण आमच्या गावच्या माणसांनी पुन्हा डोहात तार टाकली नाही. उषाबाईंनीही गळ टाकणे थांबवले. माझ्या तंगुसाचा गळ त्यांनी स्वतःच्या हाताने सोडवला आणि कोनाड्यात ठेवला; मला मात्र त्या टेकायला म्हणून अजून डोहावर नेतात. तुम्हाला वाटेल, मग मासे परत आले असतील. नाही आले. एक पावसाळा गेला, दोन गेले. वाळू गेलीच होती, अंडी घालायला जागा उरली नव्हती, आणि वरून येणारे पाणी तसेच उग्र वासाचे होते. मार्तंडराव अधूनमधून येतात, उषाबाईंजवळ खडकावर बसतात. त्यांनी आपली भिंगरीची काठी विकून टाकली. दोघे पाण्याकडे बघतात आणि चहा पिऊन उठतात.

गेल्या महिन्यात दुसऱ्या गावचे दोघे जण बॅटरी आणि तारा घेऊन डोहावर आले. उषाबाईंनी त्यांना हटकले तर ते हसले. "मावशी, तुमच्या मालकीची हाय का नदी?" तेवढ्यात मागून कल्याण आला. तो घरून आईला भाकरी घेऊन आला होता. त्याने भाकरीचे गाठोडे खाली ठेवले, त्या दोघांच्या समोर गेला आणि उजवा हात त्यांच्या तोंडापुढे धरला.

"मीबी असाच हसत होतो," तो म्हणाला. "इथंच. ह्याच दगडावर."

दोघांनी त्या हाताकडे पाहिले. मग तारा गुंडाळल्या आणि ते निघून गेले. ते वरच्या डोहावर गेले असतील, हे उषाबाईंना माहीत होते, कल्याणलाही माहीत होते. कल्याण खडकावर आईशेजारी बसला. उषाबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला आणि त्याच्या डाव्या हातात दिला.

मित्रांनो, मी बांबू आहे. मला मासे लागले नाहीत तरी मी मरत नाही. पण माणसाच्या हाताला जी शांतता मी देत असे, ती मला आता देता येत नाही. तुमच्या गावाजवळ नदी असेल, ओढा असेल, साधे तळे असेल, तर त्यात अजून काय जिवंत आहे, ते एकदा जाऊन बघा. पिल्लांची मरळ दिसली तर तिच्या वाटेला जाऊ नका. कोणी तार घेऊन उतरताना दिसला तर गप्प बसू नका, तो घरचा असला तरी. आमच्या डोहावर आम्ही सगळे फार उशिरा बोललो.