किचनरपर्यंतची ट्रेन

अमेरिकेतून टोरांटोला येऊ घातलेली वेगवान ट्रेन पुढे किचनरपर्यंत न्यावी का, या एका प्रश्नावर एझराने दीड वर्षं घासली होती. हजारो लोकांना विचारून झालं, आकडे दहादा उलटेपालटे करून झाले, पण घोडं दर वेळी प्रवाशांपाशीच अडायचं. तेवढी माणसं किचनरहून निघतच नव्हती. शेवटी शुक्रवारी दुपारी त्याने अहवालात ‘परवडणार नाही’ असं लिहून टाकलं आणि टोरांटोतल्या एटोबिकोहून कार काढून तो आईकडे निघाला. तासाभराच्या रस्त्याला अडीच तास लागले. कुणाचा रागही येऊ नये, इतका तो शिणला होता.

त्याची आई पर्ल पंच्याहत्तरीची, किचनरला एकटी राहायची. तिने दार उघडलं तसा वेलचीचा वास आला. टेबलावर मलिद्याचं ताट होतं, गुळाखोबऱ्यातले पोहे आणि वर खजूर. एलियाहू हन्नबी या ज्यू प्रेषिताला केलेला नवस फेडायचा असला की त्यांच्या घरी मलिदा व्हायचा.

“कसला नवस, आई?”

“ट्रेनचा. तूच नाही का मंगळवारी फोनवर म्हणालास, येईल म्हणून?”

म्हणाला होता खरा. ती सारखी विचारायची, आणि एका मीटिंगमधून दुसऱ्या मीटिंगला पळताना त्याने ‘येईल गं’ म्हणून वेळ मारून नेली होती.

“बरं झालं सांगितलंस,” पर्ल म्हणाली. “बुधवारी तुझ्या घराजवळच्या त्या सीनियर्स बिल्डिंगमधून कॉल आला. नंबर लागला म्हणे. मी नको म्हटलं. ट्रेन येणार तर मूव्ह कशाला करायचं? इथे माझा डॉक्टर आहे, लायब्ररी आहे.”

त्या खोलीसाठी पाच वर्षं ते दोघं थांबले होते. एझरा कोट न काढताच खुर्चीत बसला.

“परत कॉल करून बघू?”

“त्यांनी दुसरीला दिलीसुद्धा. माझं नाव लिस्टवरून गेलं.”

त्याला लाज वाटली. इतकी, की आईकडे बघवेना.

“आई, ट्रेन येत नाहीये. आज मीच तसं रिपोर्टमध्ये लिहिलं. फोनवर मी नुसतंच बोललो होतो.”

पर्लने ताटावर स्वच्छ फडकं टाकलं आणि त्याच्यासमोर बसली.

“तू किती वेळा आला असतास, ट्रेन असती तर?”

“दर शुक्रवारी.”

“मला सर्व्हेतलं उत्तर नको. खरं सांग.”

ट्रेन आली असती, तरी डेडलाइन्स होत्याच, मुलांचे क्लास होते, आणि असा शिणवटा होता. एझराने प्रामाणिकपणे विचार केला.

“महिन्यातून एकदा. कधी तेही नाही.”

“मग बरोबर लिहिलंस,” पर्ल म्हणाली. “एवढ्यासाठी कोण ट्रेन आणतंय?”