खानावळवाल्याचं मत

डॉक्टर अंब्रोसियस फेरारियस यांनी चर्च सुधारायला घेण्याआधी आपलं आडनाव लॅटिनमध्ये सुधारून घेतलं होतं. त्यांचे वडील ऱ्हाईनकाठी घोड्यांना नाल ठोकत. त्यांचं आयुष्य श्मिड, म्हणजे लोहार, या साध्या जर्मन नावावर निभावलं.

मी तेव्हा बिशपच्या न्यायालयात लेखनिक होतो. १५१६ साली डॉक्टरांचं पुस्तक आमच्याकडे आलं. लॅटिन संवाद. त्यात एक खानावळवाला धर्मगुरूला विचारतो, एकाच संताच्या नडग्या तीन चर्चमध्ये पूजेला कशा, संत तिपाई होता काय? आमचे न्यायाधीश ष्टेगमान यांना जेवताना हे वाचून हसता हसता माशाचा काटा अडकला. बिशपनी आणखी तीन प्रती मागवल्या. सुधारणेला सुरुवात झाली ती अशी.

घोळ घातला ऑबरआउ गावच्या फादर उर्बान झाइलर यांनी. त्यांना पुस्तक खरं वाटलं. एका रविवारी त्यांनी तोच प्रश्न गावकऱ्यांना साध्या जर्मनमध्ये विचारला आणि त्या तिनांतली गावच्या चर्चमधली नडगी पेटीसकट कुलपात घातली. अडलेल्या बाईला नडगी धुतलेलं पाणी पाजायची तिथे रीत होती. फादर म्हणाले, त्यापेक्षा सुईणीला वेळेवर बोलवा. गावाने ऐकलं. नडगीची जत्रा भरवणाऱ्या मठाने मात्र तक्रार केली. आरोप पाखंडाचा, शाबीत झाला तर अठरा वर्षं सांभाळलेली पॅरिश, म्हणजे गावचं चर्च आणि त्याचं उत्पन्न, जाणार.

सुनावणीच्या दिवशी दारातच मी म्हटलं, "फादर, माफी मागा, पेटी उघडा, सुटाल."

"आणि रविवारी काय सांगू? संताला तिसरा पाय फुटला?" ते म्हणाले. "डॉक्टरसाहेब साक्षीला आलेत. लिहिणाराच सांगेल."

डॉक्टर उंची फरचा झगा सावरत उभे राहिले.

"नडगीबद्दलचं हे मत आपलं?" ष्टेगमाननी विचारलं.

"छे. ते खानावळवाल्याचं."

"आणि आपलं?"

"माझा धर्मगुरू त्याला उत्तर देतो. पान चाळीस."

"पान चाळीसवर तो जांभई देतो, डॉक्टरसाहेब," फादर म्हणाले.

"जांभईतूनही मतभेद व्यक्त होतो."

"पण त्या खानावळवाल्याला जन्म कोणी दिला?"

"पात्रं लेखकाचं ऐकत नाहीत, फादर. आपण लिहीत नाही, तेव्हा आपल्याला कल्पना नसणार."

"मी बाप्तिस्मे देतो. बाप कोण विचारलं तर कोणी पोराकडे बोट दाखवत नाही."

डॉक्टरांचा आवाज चढला. "मी लॅटिनमध्ये लिहिलं, विचार करणाऱ्यांसाठी. तुम्ही ते गवळणींना जाऊन सांगितलंत."

"बाळंत त्याच होतात."

हे वाक्य मी टिपून घेतलं. ष्टेगमाननी खोडायला लावलं. कामकाज लॅटिनमध्ये ठेवायचं असतं आणि त्या भाषेत ते शोभत नाही, म्हणाले.

फादरांची पॅरिश गेली. रिकामी पॅरिश विद्वानाच्या नावे करायची चाल होती, म्हणजे तिच्या उत्पन्नावर त्याला लेखनाला निवांतपणा मिळतो. बिशपनी ती डॉक्टरांना दिली. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हे ऑबरआउ कुठे आलं?"

"घोड्यावरून अर्धा दिवस."

"मग पत्र पाठवू."

पत्र आणि निकालपत्र घेऊन मीच गेलो. फादर गाडीत पुस्तकं चढवत होते. डॉक्टरांचं पत्र लॅटिनमध्ये होतं आणि ते वाचणारा गावात दुसरा नव्हता. मला येत होतं, पण माझं काम लिहिण्याचं. फादर गाडीच्या दांडीवर टेकले आणि पत्राची चारही पानं त्यांनी गावकऱ्यांना जर्मनमध्ये समजावून सांगितली, एक शब्द न गाळता. मेंढपाळाने कळपापासून क्षणभरही दूर राहू नये, असा एकूण आशय होता.

"छान लिहितात," सुईण वालबुर्गा म्हणाली. "येणार कधी?"

फादरांनी शेवटचं पान पुन्हा पाहिलं. "ते लिहिलेलं नाही."

"मग तुम्ही कशाला निघालात?"

त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. मी निकालपत्र दिलं. तेही लॅटिनच होतं. त्यांनी तेही वाचून दाखवलं, पाखंडापासून हकालपट्टीपर्यंत, तितक्याच सावकाश. एका म्हाताऱ्याला मधलं एक कलम कळलं नाही, ते त्यांनी दोनदा सांगितलं.