म्हाताऱ्याच्या खुर्चीत

पैज लागली ती सोइलाबाईंच्या कढईसमोर, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, आणि चूक माझीच होती. म्हणजे माझ्या तोंडाची. बावन्न वर्षं झाली, ते माझं ऐकत नाही.

झालं असं. सरकारी दवाखान्यातली येसेनिया, ती मनाची डॉक्टरीण, वयाने माझ्या पोरीएवढी, सोइलाबाईंच्या एम्पनाडांच्या, म्हणजे चीज भरून तळलेल्या पुऱ्यांच्या, गाडीच्या खांबाला एक कागद चिकटवून गेली. मन सांभाळा, म्हणे. रोज ठरलेल्या वेळी उठा. थोडं उन्हात बसा. एका माणसाशी तरी खरं बोला. दुसरा बोलत असेल तर ऐका, मध्ये तोंड घालू नका. मी तो कागद पाद्रीबाबांच्या आवाजात, नाकातून, सगळ्यांना वाचून दाखवला. वर माझा एक नियम जोडला, "आणि सोइलाबाईंच्या एम्पनाडात चीज शोधू नका. आत नुसती हवा असते, निराशेचा झटका येतो!"

सगळे खो खो हसले. सोइलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी झारा उचलला आणि वरच्या खिडकीकडे दाखवला.

"ओल्म्या, तिकडे बघ."

खिडकीला पडदा. मार्चपासून तोच पडदा, तसाच.

ती खिडकी एफ्राइन उस्तादांची. आमच्या पायऱ्यांच्या गल्लीतले शिंपी. कितो शहरात टेकडीवर राहणाऱ्यांना सपाट रस्ता ठाऊक नसतो. आम्ही घड्याळ न बघता उस्तादांच्या मशीनच्या आवाजावर उठायचो. मार्चमध्ये त्यांची बायको गेली, तार्सिला. दफनाला उस्ताद रडले नाहीत. आलेल्या प्रत्येकाचे आभार मानले, नऊ दिवस प्रार्थना झाल्या, नवव्या दिवशी भाड्याच्या खुर्च्या स्वतः मोजून परत केल्या. त्यानंतर मशीन बंद. कुणी विचारलं, उस्ताद, कसं काय, की एकच उत्तर, "चाललंय आपलं." आणि हे म्हणताना पँट वर ओढायची. गल्लीभर लोकांच्या पँटी बेतणारा माणूस, आणि त्याचीच पँट दोरीने बांधलेली.

"मेल्या, तू गेलास का कधी त्याच्याकडे?" सोइलाबाई म्हणाल्या.

"गेलो की. तीनदा. तीन जोक सांगितले."

"मग?"

"हसले."

"दात दाखवले असतील. तुला घालवायला." त्यांनी एक एम्पनाडा तेलात सोडला. "माणूस डोळ्यांदेखत विझत चाललाय आणि हा तिथे जाऊन नकला करतो. तुझ्याच्याने दहा मिनिटं गप्प बसवणार नाही, ओल्म्या. लाव पैज."

आता पैज म्हटली की माझा हात आपोआप पुढे जातो. मी चाव्या बनवतो, पायऱ्यांच्या तळाशी माझी टपरी आहे, आणि गल्लीत उद्या पाणी येणार नाही अशी अफवा उठवून सगळ्यांना बादल्या भरायला लावणारा तो मीच. दोनदा.

अटी बाईंनी घातल्या. रोज चार वाजता त्यांच्याकडून दोन कप मोरोचो घ्यायचा, दुधात शिजवलेला मका, वर दालचिनी. उस्तादांना दारासमोरच्या पायरीवर बसवायचं आणि दोघांनी प्यायचा. कप रिकामा होईपर्यंत जोक नाही, टोमणा नाही, नक्कल नाही. तीस तारखेपर्यंत. पायरी बाईंच्या गाडीच्या डोक्यावरच, त्यामुळे त्यांना सगळं ऐकू येणार.

"जिंकलास तर जानेवारीभर खा फुकट."

"हवा?"

"आणि हरलास तर..." बाईंच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की मला ते आवडलं नाही. "यंदा तू विधवा नाहीस. तू म्हातारा."

गल्ली माझ्या जोकला हसली नव्हती तेवढी याला हसली.

कारण एकतीस डिसेंबरला आमच्याकडे सरत्या वर्षाचा पुतळा करतात, जुने कपडे, आत भुसा. तो म्हातारा. त्याला दारात खुर्चीवर बसवतात आणि मध्यरात्री जाळतात. आणि दिवसभर पुरुष काळे झगे घालून, छातीत फुगे कोंबून त्याच्या विधवा होतात, रस्त्याला दोरी आडवी धरून मोटारी अडवतात, ऊर बडवतात आणि नाणी मागतात. एकोणीस वर्षं ही विधवा मी होतो. लांबलांबून लोक माझं रडणं ऐकायला यायचे. आणि आता म्हातारा! दुपारभर, चार वाजेपर्यंत, खुर्चीत, तोंड बंद, हलायचं नाही.

"मला जाळणार नाही ना?" मी विचारलं.

"बघू," बाई म्हणाल्या.

पहिल्या दिवशी उस्ताद बाहेर आले ते केवळ कप सोइलाबाईंनी पाठवला म्हणून. तार्सिलाची मैत्रीण ती, तिला नाही कसं म्हणणार. बसलो. "कसे आहात उस्ताद?" "चाललंय आपलं." संपलं. इथे एरवी मी घुसलो असतो. आता काय करणार? समोर डोंगरावर ढग उतरत होते, ते बघितले. दहा मिनिटं इतकी लांब असतात हे मला माहीत नव्हतं. खालून बाईंचं तेल तडतडत होतं, मला हसल्यासारखं.

तिसऱ्या दिवशी उस्ताद म्हणाले, "साखर कमी आहे." मला इतका आनंद झाला की विचारू नका.

पाचव्या दिवशी, "तार्सिला दालचिनी जास्त टाकायची." सहाव्या दिवशी काही नाही. सातव्या दिवशी पाऊस, छपराखाली चिकटून उभे राहिलो, तरी काही नाही. पण एक गंमत माझ्या लक्षात आली. मी गप्प राहिलो की गप्पपणा वाढत वाढत जातो आणि मग समोरचाच त्याला कंटाळतो. इतकी वर्षं मी लोकांचं बोलणं असंच खाऊन टाकत होतो, त्यांचं तोंड उघडायच्या आत माझा जोक तयार.

नवव्या दिवशी उस्ताद म्हणाले, "झोप लागत नाही रे. पहाटे जरा डोळा लागतो. आणि उघडला की वाटतं, कशाला उघडला."

माझ्या जिभेवर जोक आला. खोटं कशाला सांगू, चांगला होता. मी त्याच्यावर गरम मोरोचो ओतला आणि दोन्ही गिळले. टाळू भाजली. मग आठवला तो येसेनियाचा कागद, ज्याची मी टर उडवली होती. शेवटची ओळ होती, समोरच्याला जगणं नकोसं वाटत असेल तर सरळ विचारा, विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवं काही शिरत नाही.

"उस्ताद," मी म्हटलं, "जीव द्यावासा वाटतो का?"

खाली बाईंचा झारा थांबला.

उस्तादांनी कपात बघितलं. "द्यायचा म्हणजे उठून काहीतरी करावं लागेल. तेवढं अंगात नाही. पण आपणहून गेला, तर अडवणार नाही, असं वाटतं." मग, "हे मी कुणाला बोललो नव्हतो."

"बरं झालं बोललात." मी कप पायरीवर ठेवला. "उद्या येसेनियाबाईकडे जाऊ."

"मी वेडा नाही, ओल्मेदो."

"नाही ना. दाढ दुखली की दात दाखवायला जातो आपण. हे दुखतंय, हे दाखवायला जायचं. मी येतो बरोबर."

"तू? दवाखान्यात? गप्प बसशील?"

"सरावलोय आता."

दुसऱ्या दिवशी टपरी बंद ठेवून मी दवाखान्याच्या बाकावर तासभर बसलो, लस टोचून घेणाऱ्या पोरांच्या बोंबाबोंबीत. उस्ताद बाहेर आले ते हातात दोन चिठ्ठ्या घेऊन. एक मोठ्या डॉक्टरांच्या नावाची, झोपेसाठी. दुसरीवर लिहिलेलं, पुढचा बुधवार, आणि तोवर सकाळी पडदा उघडायचा आणि एक बटण शिवायचं.

"एक बटण?" मी विचारलं.

"एकच. जास्त नाही, म्हणाली. झालं नाही तर रागवायचं नाही, दुसऱ्या दिवशी परत."

"आणखी काय बोललात?"

"ते तुला सांगत नाही."

"नका सांगू."

पण घरात तुटलेलं बटण असायला हवं ना! माझा हा विचार, आणि माझे हात. गल्लीत शर्ट दोऱ्यांवर वाळत असतात. रोज एका शर्टाचं एक बटण मी टपरीतल्या कानशीने हळूच तोडायचो. बायका आपल्या नवऱ्यांवर ओरडायच्या, पोट कमी करा जरा, आणि शर्ट उस्तादांकडे पाठवायच्या. सोइलाबाईंनी मला रंगेहाथ पकडलं. कमरेवर हात ठेवून विचार केला.

"तोंडाने काही बोललास का?"

"नाही."

"मग धरत नाही," म्हणाल्या आणि आपल्या एप्रनचंही बटण पुढे केलं.

पडदा काही रोज उघडला नाही. दोन दिवस मध्ये असे गेले की उस्ताद कप घ्यायलाही उठले नाहीत. मी दाराबाहेर बसून माझा प्यालो, त्यांचा उंबऱ्यावर ठेवला आणि नुसतं सांगितलं, इथेच आहे. बुधवारी त्यांना परत घेऊन गेलो. त्याच्या पुढच्या बुधवारी ते एकटे गेले. ख्रिसमसच्या आदल्या दिवशी चाव्या कापता कापता मला मशीनचा आवाज आला, अगदी थोडाच, बाहीची एक शिवण होईल एवढा. मी कापत होतो ती चावी बिघडवून ठेवली.

आणि मग तीस तारीख. शेवटचा कप. बाईंचं तोंड आंबलेलं, महिनाभर फुकट खाऊ घालायचं म्हणून. उस्ताद शांतपणे घुटके घेत होते.

"ओल्मेदो," ते म्हणाले, "या गल्लीतली सगळी बटणं एकाच पद्धतीने तुटतात. धागा कापलेला नसतो, घासलेला असतो. चावी घासतात ना, तसा."

मी डोंगराकडे बघितलं.

"मला कामाला लावलंस, उपकार आहेत. पण बटणं संपत आली. आता चेनकडे वळणार असशील तर गल्लीतल्या पुरुषांना आधी सांगून ठेव. पँट वाळत आहे की आत माणूस आहे, एवढं तरी बघत जा."

चेहरा एकदम सरळ. दहा महिन्यांतला त्यांचा पहिला जोक.

आता तुम्हीच सांगा, माणसाने काय करायचं?

"बघतो ना उस्ताद," माझ्या तोंडून गेलंच, "तुमच्या पँटीत तर दोघं मावतील, मीच आत राहायला येतो!"

उस्ताद हसले. दात दाखवले नाहीत, हसले; मोरोचो नाकातून आला, ठसका लागला, मी पाठीवर थापट्या मारतोय, आणि खालून झाऱ्याने कढई बडवल्याचा आवाज, ठण् ठण् ठण्, "हरला! हरला मुडदा!"

लोक म्हणतात ओल्मेदो मुद्दाम हरला. कसला मुद्दाम. तोंड माझं ऐकत नाही, हे पहिल्याच ओळीत सांगितलंय.

एकतीसला दुपारी बारा वाजता अख्खी गल्ली जमली. उस्तादांनी आपला तपकिरी कोट आणला. "मला मोठा होतो सध्या," म्हणाले आणि मला घातला, बाह्यांतून भुसा बाहेर काढून लोंबवला. बाईंनी तोंडाला पीठ फासलं. खुर्चीत बसवलं. मुखवटा नाही, म्हणाल्या, लाज दिसली पाहिजे.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं की विधवा कोण? एकोणीस वर्षं दुसऱ्या कुणी केलंच नव्हतं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. उस्ताद जिना चढून गेले. खाली आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर तार्सिलाची काळी शाल होती आणि छातीत माझ्यासारखेच दोन फुगे.

कुणी हसलं नाही. सोइलाबाई पुढे झाल्या, शाल डोक्यावरून नीट घेऊन हनुवटीखाली गाठ मारली. "फुगे सारखे बसवा उस्ताद, एक वर एक खाली दिसतोय," म्हणाल्या, आणि मग सगळे हसले.

दोरी आडवी झाली. पहिली मोटार थांबली. उस्तादांनी माझंच रडणं चोरलं, शब्दन् शब्द, "अरे माझ्या म्हाताऱ्या, मला टाकून कुठे चाललास रे! आता मोरोचो कुणाच्या उधारीवर पिऊ!" पलीकडच्या गल्लीतली एक बाई माझ्या गालाला चिमटा काढून म्हणाली, "भुसा काय छान भरलाय हो, खऱ्यासारखा." नाक खाजत होतं. मला शंभर उत्तरं येत होती.

तीन-चार मोटारींनंतर एक टॅक्सी थांबली. उस्ताद ऊर बडवत माझ्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर आले. हात माझ्या कॉलरवर गेला, शिंप्याचा हात, चुरगळलेलं दिसलं की आपोआप जातो. कॉलर सारखी करताना तो थांबला. तिथे आत एक रफू होतं, बारीक, तिरक्या टाक्यांचं. उस्ताद असं शिवत नाहीत. ते तिचं होतं.

त्यांनी कपाळ माझ्या गुडघ्यावर टेकवलं. आणि जो आवाज आला तो मी एकोणीस वर्षांत एकदाही काढलेला नाही.

"तू नेलंस तिला," ते माझ्या गुडघ्याशी बोलत होते. "मार्चमध्ये नेलंस आणि मला खुर्च्या मोजायला लावल्यास. रडायला वेळसुद्धा दिला नाहीस रे, म्हाताऱ्या."

टॅक्सीवाल्याने इंजिन बंद केलं. दोरी धरणाऱ्यांनी दोरी खाली सोडली. मी जिभेवर जोक शोधला, सवयीने, आणि तिथे काहीच नव्हतं. मग मी म्हातारा होऊन बसलो. न हलता, न बोलता. त्यांचा सगळा भार गुडघ्यावर येऊ दिला. पिठावरून काहीतरी ओघळत हनुवटीपर्यंत गेलं, आणि कुणीतरी ओरडलं, "म्हातारा रडतोय! हे नियमात नाही!"

"हलायचं नाही, बोलायचं नाही, एवढंच ठरलं होतं," सोइलाबाई म्हणाल्या. "रडला तर चालतं."

उस्तादांनी शालीच्या टोकाला नाक पुसलं. उठले. पँट वर ओढली, फुगे सारखे केले, माझी कॉलर एकदा दाबून बसवली आणि घड्याळ बघितलं.

"अजून तीन तास आहेत," माझ्या कानात म्हणाले. "मेल्या, हलू नकोस."

आणि दोरी उचलून पुढच्या मोटारीकडे गेले.