पत्र्याची पावडर

माझा चेहरा सरळ आहे. खरं बोलतो तेव्हा आणि थाप मारतो तेव्हा तो सारखाच दिसतो. सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यापर्यंत मी याला कला समजत होतो.

आमच्या गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन नानासाहेब यांना मी एकदा सांगितलं होतं, की म्हशीपुढं रेडिओवर संस्कृत बातम्या लावल्या की दुधाला फॅट वाढते. त्यांनी आठ दिवस लावल्या. म्हैस आटली. आटली ती दुष्काळानं, पण नानासाहेब मात्र बातम्या कमी पडल्या म्हणून हळहळत राहिले.

त्याच आठवड्यात केशरआत्या सोसायटीचे कॅन घासत बसली होती. ते तिचं काम. टँकर दोन दिवसांआड यायचा, राखेनं घासलं की विसळायला पाणी लागायचं, म्हणून ती कावली होती. बाजूला सिमेंटच्या पत्र्याचा तुकडा पडला होता. मी म्हणालो, "आत्या, हा पत्रा कुटा आन् त्या भुकटीनं कोरडंच घासा. कंपनीवाले अशीच पावडर करत्यात. पाणी लागतच न्हाय."

दुसऱ्या दिवशी मी नोकरीला पुण्याकडं निघून गेलो. नोकरी लागली ती सिमेंटचे पत्रे बनवणाऱ्या कारखान्यात.

तिथं महांतप्पा नावाचा म्हातारा हमाल होता. तो एक वाक्य तीन खोकल्यांत बोलायचा. एक दिवस छातीचे फोटो काढायला डॉक्टर आले आणि त्यांनी आम्हा सगळ्यांना उभं करून सांगितलं, "या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं, दगडाचे केसाहून बारीक तंतू. पत्रा अख्खा असला तर गप्प असतो. फोडला, कापला, कुटला की तंतू उडतात, छातीत जाऊन बसतात. त्रास कळायला वीस-तीस वर्षं लागतात. जुना पत्रा काढायचाच तर भिजवून, अख्खा काढायचा."

मला आत्या आठवली. मग मी स्वतःची समजूत घातली. पत्रा कुटून भांडी कोण घासणार? एवढं खुळं कुणी नसतं. या समजुतीवर मी सात महिने नीट जेवलो.

मग आत्याच्या मुलाचं, ज्ञानोबाचं पत्र आलं. "पडवीच्या आडोशाचे सिमेंटचे पत्रे काढून तिथं शहाबादी फरश्या उभ्या करतोय. दुष्काळात बांधकामाला पाणी कुठलं? फरशीला लागत नाही. पत्रे फोडायला ये. ता. क. आईला सोसायटीकडून स्वच्छ कॅनचं बक्षीस मिळालं. तुझ्या पावडरीनं."

ते पत्रे बहात्तरच्या दुष्काळातले, खडी फोडायच्या कामावरच्या शेडचे. मी हातातलं काम टाकून एसटी धरली.

जळकोटला उतरून तीन कोस चालत आत्याच्या घरी पोचलो, तर अंगणात गिरणी चालू होती. आत्या उखळात पत्रा कुटत होती. सून कमलवहिनी लुगड्याच्या तुकड्यातून भुकटी वस्त्रगाळ करत होती. वय एकोणीस, भुवया पांढऱ्या. समोर बायका वाट्या घेऊन रांगेत. अकरा घरांचा रतीब होता. ज्ञानोबा घण घेऊन पडवीपाशी उभा.

"आला बघा कारखानदार!" आत्या म्हणाली.

"आत्या, थांबवा ते. विष हाय ते."

रांग हसली. विठाबाई शेजारीण म्हणाली, "गेल्या साली औषध, औंदा विष. पुढल्या साली भाकरीसंगं खा म्हनंल."

"खरंच सांगतोय. छातीत जाऊन बसतं. डॉक्टरनं सांगितलं."

"व्हय का?" ज्ञानोबा म्हणाला. "म्हशीला संस्कृत लावाय सांगितलेला त्योच का ह्यो डॉक्टर?"

मी महांतप्पाचा खोकला करून दाखवला. बायकांना फार आवडला. पुन्हा कर म्हणाल्या. मग माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तर विठाबाई कौतुकानं म्हणाली, "बया, आता रडूनबी दाखवाय लागला!"

ज्ञानोबानं घण उचलला.

ओट्यावर दोन घागरी होत्या. वहिनीनं पहाटेपासून टँकरच्या रांगेत उभं राहून आणलेलं, घरातल्या सगळ्यांचं दोन दिवसांचं पिण्याचं पाणी. मी एक घागर उचलून भुकटीच्या ढिगावर ओतली. दुसरी ज्ञानोबाच्या घणासमोरच्या पत्र्यावर.

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. पाणी जमिनीत गेलं तेही सगळ्यांनी बघितलं. त्या उन्हाळ्यात आमच्या गावात पाण्याची चेष्टा कुणी करत नव्हतं. मीसुद्धा.

आत्यानं मुसळ हळूच खाली ठेवलं. "खरं हाय व्हय रं, बल्या?"

"व्हय."

"मग तवा का सांगितलंस कुटाय?"

"चेष्टा केली व्हती, आत्या." विठाबाईनं वाटी जमिनीवर ठेवली आणि लुगड्याला हात पुसले. पुसल्यावर लुगड्याकडं बघत राहिली.

"किती दिसात कळतं?" आत्यानं विचारलं.

"वीस-तीस वर्सं लागत्यात म्हणं. समद्यांनाच व्हतं असं न्हाय."

आत्यानं बोटांवर वर्षं मोजली. साठीला टेकलेली बाई ती. बोटं लवकरच थांबली. मग तिनं सुनेकडं बघितलं, आणि मी जमिनीकडं.

त्यानंतर काम मी सांगेन तसं झालं. माझं सगळे ऐकत होते, हे मला जन्मात पहिल्यांदा नको वाटत होतं. घण घरात गेला. अकरा घरांतून खरकटं, अंघोळीचं, म्हशीच्या पुढ्यातलं पाणी आलं. त्यात गोणपाटं भिजवून पत्र्यांवर टाकली. पत्रे धरणारे आकडे न ठोकता पान्यानं सोडवले. घराघरांतली उरलेली भुकटी भिजवून युरियाच्या पोत्यांत बांधली, आणि ज्ञानोबानं शेताच्या कडेला पुरुषभर खोल खड्डा घेतला. आत्यानं उखळसुद्धा खड्ड्यात टाकायला लावलं. तोंडाला आम्ही ओले पंचे बांधले. नुसत्या पंच्यानं भागत नाही असं डॉक्टर म्हणाले होते, पण गावात दुसरं काही नव्हतं. पत्र्याच्या दुसऱ्या टोकाला कमलवहिनी होती. नको म्हटलं तर म्हणाली, "आता काय राह्यलंय, भावजी?"

आम्ही तिसरा पत्रा उतरवत होतो, तेव्हा ती पंच्याआडून म्हणाली, "भावजी, एक इचारू का?"

"इचारा."

"तवा तुमी आत्याबाईला कुटाय सांगितलं, आन् चेष्टा केली म्हणताय. त्यात हसायचं काय हुतं?"

पत्रा दोघांच्या हातात होता. खाली ठेवता येत नव्हता, आपटला असता तर फुटला असता. मी सांगायला लागलो. म्हणालो, म्हणजे पत्रा कुणी कुटत नाही ना, वहिनी. म्हणून.

"बरं. मग?"

"मग आत्या खुळ्यागत कुटत बसंल, असं."

"आन् मग?"

"मग काय न्हाय. एवढंच."

तिनं विचार केला. अगदी मनापासून केला, हसता येतंय का बघितलं. नाही आलं.

"ह्या कडंला जरा हळू," मी म्हणालो. "आधी तुमची बाजू टेकवा."

तिनं टेकवली.